पंपाला कान लावणारा माणूस

गेल्या महिन्यात माझी बारा वर्षांची गाडी कण्हायला लागली. सरळ रस्त्यावर गप्प. पण पार्किंगमध्ये वळवायला घेतली, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, की घुंऽऽ असा रडका आवाज. एका गॅरेजमध्ये बॉनेट धड उघडायच्या आतच पॉवर स्टेअरिंगचा पंप गेल्याचं आणि नवा टाकावा लागणार असल्याचं सांगून झालं. आकडा ऐकून मी गाडी आमच्या रुग्णालयामागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. मग तेच टोक अल्टरनेटरवर, मग पुलीच्या बेअरिंगशेजारी. मला स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवायला लावून पुन्हा पंपावर. मी तीस वर्षं रोज सकाळी वॉर्डात जे करतो, तेच ते करत होते. आणि आम्हा दोघांचाही गुरू एकच होता, दोनशे वर्षांपूर्वी गेलेला रेने लेनेक.

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर गावी झाला. रेने पाच वर्षांचा असताना आई गेली, बहुधा क्षयानेच. वडील वकील, कविता करण्यात हौशी, संसारात कच्चे. मुलं सांभाळणं त्यांना जमेना. शेवटी रेनेची रवानगी नाँत शहरात डॉक्टर काकांकडे झाली. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो काळ. नाँतमध्ये गिलोटिन चालू होतं आणि ते काकांच्या घरापासून फार लांब नव्हतं. दहा-बारा वर्षांच्या पोराने त्या दिवसांत काय काय पाहिलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. काकांच्याच हाताखाली तो जखमा बांधायला शिकला. फावल्या वेळात बासरी वाजवायचा. हा बासरीचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. सूर लावायची सवय असलेला कान पुढे कामाला आला असणार.

१८०१ साली, विशीत, ते पॅरिसला पोचले. तिथे नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिसार यांच्याकडे ते शिकले. छातीवर बोटांनी ठोकून आतला अंदाज घेण्याची पद्धत कोर्व्हिसार यांनी नव्याने चालू केली होती. ती मूळची ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांची, १७६१ सालची, आणि जवळजवळ विसरली गेलेली. आउएनब्रुगर हे खाणावळवाल्याचे चिरंजीव. दारूचं पिंप किती भरलंय हे ठोकून कळतं, हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं, असं सांगतात.

लेनेक अंगाने बारीक, ठेंगणे, कायम खोकल्याने बेजार. मोठी नेमणूक मिळायला त्यांना १८१६ उजाडावं लागलं. तेव्हा पॅरिसच्या नेकर रुग्णालयात ते रुजू झाले. त्याच वर्षी एक तरुण स्त्री हृदयविकाराची लक्षणं घेऊन त्यांच्यासमोर आली. शरीर स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना, आणि त्या वयाच्या बाईच्या छातीला कान लावणं शिष्टाचारात बसेना. तेव्हा लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं की दुसऱ्या टोकाला ते स्पष्ट ऐकू येतं, हे त्यांना आठवलं. (लूव्ह्रच्या आवारात मुलांना असा खेळ खेळताना त्यांनी पाहिलं, ही गोष्ट मागाहून जोडलेली दिसते.) त्यांनी कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीवर ठेवलं, दुसरं कानाला. हृदयाचे ठोके नुसत्या कानाने ऐकू येतात त्याहून स्वच्छ ऐकू आले.

इथे गोष्ट संपवायची पद्धत आहे. खरं काम पुढच्या तीन वर्षांत झालं. कागद जाऊन लाकूड आलं. सुमारे फूटभर लांबीची, मधून भोक असलेली नळी ते स्वतः लेथवर घडवत. त्या नळीने ते रुग्णांची छाती ऐकत, ऐकलेलं टिपून ठेवत, आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात छाती उघडून आवाजाचा धनी शोधत. फुप्फुसात पोकळी पडली असेल तर रुग्णाचं बोलणं थेट नळीतून आल्यासारखं वाटतं. न्यूमोनियाच्या सुरुवातीला तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावं तसा आवाज येतो. अशा आवाजांना त्यांनी राल हे नाव दिलं. पण फ्रेंच लोकांना तो शब्द मरणाऱ्याच्या घरघरीसाठी माहीत होता. म्हणून रुग्णापुढे बोलताना ते मुद्दाम दुसरा, लॅटिन शब्द वापरत. आजही खाटेशेजारी उभं राहून मोठ्याने निदान सांगणाऱ्या आमच्या तरुण डॉक्टरांना हे मी दरवर्षी सांगतो.

ओल्या छातीतला आवाज बहुतेक वेळा हवा आणि द्रव एकत्र आल्याने होतो. माझ्या गाडीचंही तेच झालं होतं. मिस्त्रींना आवाज पंपातच सर्वांत मोठा ऐकू आला, पण बेअरिंगची खरखर नव्हती. त्यांनी ऑईलच्या डब्याचं झाकण उघडलं. आत फेस होता आणि पातळी खुणेच्या खाली. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपची क्लिप सैल होती. पंप त्या बाजूने ओढून घेतो, त्यामुळे तिथून ऑईल जेमतेम झिरपतं, पण हवा मात्र आत शिरते, आणि दाबाखाली ते बुडबुडे पंपात ओरडतात. पंप शाबूत होता. क्लिप बदलली, कंपनीने सांगितलेलंच ऑईल भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवलं, मध्येमध्ये ऑईल टाकत, बुडबुडे थांबेपर्यंत. स्टेअरिंग पूर्ण वळवून धरून ठेवू नका, तेव्हाच पंपावर दाब सर्वाधिक असतो, एवढा सल्ला वर फुकट. (नव्या गाड्यांत विजेवरचं स्टेअरिंग असतं, त्यांत हा पंपच नाही.)

लेनेक यांचा ग्रंथ १८१९ साली निघाला. त्यात एक चूकही होती. हृदयाचा पहिला ठोका खालच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, हे त्यांनी बरोबर ताडलं. दुसरा मात्र वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा मानला. तो झडपा बंद होण्याचा आवाज आहे, हे पुढच्या पिढीने दाखवलं. इतका तयार कानही आवाजाच्या जागेबाबत फसू शकतो. म्हणूनच मिस्त्री एकाच जागी ऐकून थांबले नव्हते.

ग्रंथ छापून होईपर्यंत लेनेक इतके खचले होते, की पॅरिस सोडून ब्रिटनीतल्या आपल्या घरी गेले. दोन वर्षांनी परतले, कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले, देशोदेशीचे विद्यार्थी नळी शिकायला येऊ लागले. १८२४ साली त्यांनी लग्न केलं. खोकला चालूच होता. तरुणपणी क्षयाने पोखरलेला मणका कापताना करवत त्यांच्या बोटाला लागली होती आणि तिथे गाठ आली होती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तरी क्षय एकापासून दुसऱ्याला लागतो, हे त्यांना कधी पटलं नाही. क्षयाचा जंतू सापडायला १८८२ साल उजाडायचं होतं.

१८२६ साली ग्रंथाची दुसरी आवृत्ती हातावेगळी करून ते पुन्हा ब्रिटनीला गेले. त्यांच्या घराण्यातला तरुण डॉक्टर मेरिआदेक याला त्यांनी आपली छाती नळीने ऐकायला आणि जे ऐकू येईल ते सांगायला लावलं. ते वर्णन त्यांनी स्वतःच शेकडो रुग्णांच्या कागदांवर लिहिलेलं होतं. १३ ऑगस्टला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. आपली नळी त्यांनी मेरिआदेकच्या नावे लिहून ठेवली होती.