गायीच्या कच्च्या दुधातून ताप येतो, हे सांगणाऱ्या ॲलिस इव्हान्स यांना सुरुवातीला कुणी ऐकूनच घेतलं नाही

साल १९१७. अमेरिकेतल्या जीवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेची बैठक भरली होती. सरकारी दुग्ध विभागात काम करणाऱ्या ३६ वर्षांच्या ॲलिस इव्हान्स यांनी तिथे एक दावा केला. गायींना गाभडायला लावणारा जीवाणू आणि माणसांना माल्टा बेटावर छळणाऱ्या तापाचा जीवाणू, हे एकमेकांचे अगदी जवळचे नातेवाईक आहेत. म्हणजेच गायीचं कच्चं दूध माणसाला आजारी पाडू शकतं.

प्रतिसाद काय मिळाला? बहुतेकांना ते पटलंच नाही.

शिक्षिका ते शास्त्रज्ञ

ॲलिस यांचा जन्म २९ जानेवारी १८८१ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या नीथ गावातला. घरी शेती. त्या काळी मुलींना नोकरी म्हटलं की शिक्षिकेचीच, म्हणून त्यांनी चार वर्षं शाळेत शिकवलं. मग कॉर्नेल विद्यापीठाने ग्रामीण शिक्षकांसाठी मोफत अभ्यासक्रम काढला आणि त्या विज्ञानाकडे वळल्या. १९०९ मध्ये पदवी, १९१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण आणि लगेच सरकारी दुग्ध विभागात नोकरी. पीएचडी मात्र त्यांनी केली नाही. पुढे हीच गोष्ट त्यांच्या विरोधात वापरली गेली.

दोन वेगळी नावं, एकच कूळ

हा आजार आज ब्रुसेलोसिस म्हणून ओळखला जातो. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने माल्टात तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जीवाणू शोधला. १९०५ मध्ये माल्टाच्याच थेमिस्टोक्लिस झामिट यांनी दाखवलं की हा ताप शेळ्यांमुळे येतो. सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद केल्यावर त्यांच्यातला ताप झपाट्याने कमी झाला.

तिकडे डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गायींच्या गर्भपाताचा जीवाणू शोधला होता. एक शेळीचा, दुसरा गायीचा. एक गोल मानला गेलेला, दुसरा दांडीसारखा. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघावेत, असं फारसं कुणाला वाटलं नाही.

ॲलिस ताज्या दुधातल्या जीवाणूंचा अभ्यास करत होत्या. वरून धडधाकट दिसणाऱ्या गायींच्या कासेतही बँग यांचा जीवाणू राहतो आणि दुधातून बाहेर पडतो, हे त्यांना दिसलं. मग त्यांनी दोन्ही जीवाणूंची तुलना केली. नेहमीच्या चाचण्यांमध्ये दोन्ही वेगळे ओळखणं जवळपास अशक्य होतं. १९१८ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

विरोध का झाला?

कारण प्रश्न साधा होता. हे खरं असेल, तर एका बाईच्या आधी हे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांना कसं दिसलं नाही? थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या नावाजलेल्या शास्त्रज्ञानेही शंका घेतली. दूध व्यावसायिक तर चिडलेच. ॲलिस यांचं दूध पाश्चराइज करणाऱ्या यंत्रांच्या कंपन्यांशी साटंलोटं असल्याचे आरोपही झाले.

पण १९२० मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल मेयर यांनी तपासून बघितलं, तर ॲलिस बरोबर होत्या. ब्रूस यांच्या नावावरून या जीवाणूंच्या गटाला ‘ब्रुसेला’ हे नाव त्याच वेळी सुचवलं गेलं. त्या दशकात वेगवेगळ्या देशांत गायींपासून लागण झालेले रुग्ण सापडू लागले.

मग ॲलिस स्वतःच आजारी पडल्या

१९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना त्यांना याच जीवाणूची लागण झाली. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. सोबत घाम, सांधेदुखी, प्रचंड थकवा.

असं का होतं? हा जीवाणू कच्च्या दुधातून पोटात जातो, त्वचेवरच्या जखमेतून शिरतो किंवा श्वासावाटेही आत येतो. शरीरातल्या ज्या पेशी जंतूंना गिळून मारतात, त्यांच्याच आत तो लपून वाढतो. तिथून प्लीहा, यकृत, हाडांच्या मगजापर्यंत पोहोचतो. गाभण जनावरात तो वारेत वाढतो आणि गाय शेवटच्या महिन्यांत गाभडते.

लपलेला जीवाणू चाचणीत सहज सापडत नाही. त्यामुळे आजार मानसिक असल्याचं ॲलिस यांना सांगण्यात आलं. पुढे दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा शरीरातल्या गाठींमध्ये ब्रुसेला सापडला. आजाराने मात्र सुमारे दोन दशकं त्यांचा पिच्छा सोडला नाही.

१९२८ मध्ये, ज्या संघटनेपुढे त्यांनी आपलं संशोधन मांडलं होतं, तिच्याच त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९३० च्या दशकात अमेरिकेत दूध पाश्चराइज करण्याचे नियम पसरत गेले. १९४५ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि ५ सप्टेंबर १९७५ रोजी, ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज आपल्यासाठी याचा अर्थ काय?

ब्रुसेलोसिस भारतात आजही आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या गायी-म्हशींच्या मादी वासरांना याची लस आयुष्यात एकदाच टोचली जाते. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढू नये, हातमोजे घालावेत आणि वार खोल पुरावी. ताप वारंवार येत असेल, तर घरी जनावरं आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आणि धारोष्ण दूध कितीही चांगलं वाटलं, तरी आधी उकळून घ्यावं. उकळलं की हा जीवाणू मरतो.