मोलेसरशास्त्री

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ साली झाला. कोवळ्या वयातच ते कंपनी सरकारच्या लष्करात नोकरीस लागून हिंदुस्थानात आले. येथे त्यांना मराठी भाषेची गोडी लागली. विद्वान शास्त्र्यांच्या साहाय्याने त्यांनी हजारो शब्द गोळा केले. एकेका शब्दाचे नाना अर्थ दिले. तो संस्कृतातला, की फारसी अथवा अरबीतून आलेला, हेही खुणेने दाखविले. असा हा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला.

मग त्यांनी इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ सांगणारा कोश हाती घेतला. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे काम अर्धवट टाकून त्यांना स्वदेशी परतावे लागले. त्यांचे सहकारी टॉमस कँडी यांनी ते काम नेटाने तडीस नेले. १८४७ साली कोश छापला गेला, तेव्हा आरंभ मोल्सवर्थ यांनी केल्याचे मुखपृष्ठावर आवर्जून नमूद केले होते.

१८५१ साली मोल्सवर्थ पुन्हा आले. आपला पहिला कोश त्यांनी तपासला, सुधारला आणि वाढविला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द होते. १८७१ साली त्यांचे निधन झाले. परभाषेची अशी निष्ठेने सेवा करणाऱ्या या साहेबाला मराठी माणसांनी प्रेमाने ‘मोलेसरशास्त्री’ म्हटले.