पंडिता रमाबाई व त्यांची श्रद्धा

आमच्या नगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत व आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, रविवारीं सकाळीं फिरून पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. एके मंदिरांत छापील उपासनाक्रमाप्रमाणें शांतपणें प्रार्थना चालते. दुसऱ्यांत मिस्सा होतो. एखादी लहान मंडळी टाळ्यांच्या गजरांत मोठ्यानें देवाचा धांवा करीत असते. ख्रिस्त एक, मग मंडळ्या इतक्या कां, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस विचारतात, व पालकही विचारतात. याचें उत्तर वादविवादानें देण्यापेक्षां एका थोर स्त्रीचें चरित्र सांगून द्यावें असें आम्हांस वाटतें. ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा दंडक. तो मोडून त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें व लोकनिंदा सोसून रानांत घर केलें. रमाबाईंस विद्या मिळाली ती आईच्या मुखानें. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत देशभर हिंडलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें त्यांस गांठलें. आईबाप निवर्तले, मागाहून वडील बहीणही गेली. उरलीं रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास. हीं भावंडें पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं वीस वर्षांच्या ह्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

१८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलांशीं विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीस पटकीनें नेलें. तान्हें मूल कडेवर घेऊन ही तरुण विधवा पुण्यास आली. तेथें तिनें स्त्रियांच्या उन्नतीसाठीं आर्य महिला समाज काढला, व पुढच्याच वर्षीं शिक्षणाकरितां इंग्लंडास प्रयाण केलें.

इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनीमंडळानें त्यांस आश्रय दिला. हें मंडळ इंग्लंडच्या राजमान्य चर्चचें असून विधि व परंपरा यांवर त्याचा भर असे. तेथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनीं आपली बुद्धि कोणाच्या हवालीं केली नाहीं. त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं. क्रुसावरील अक्षरें लॅटिन भाषेंत कां असावीं, संस्कृत कां नसावीं, असें त्यांनीं विचारलें. त्रैक्यासारखें तत्त्वही केवळ धर्मगुरु सांगतात म्हणून त्यांनीं मान्य केलें नाहीं. हा त्यांचा अहंकार आहे असें त्यांच्यावर मातेप्रमाणें प्रेम करणाऱ्या भगिनी जेराल्डीन यांस वाटे, व त्यांस मनापासून दुःख होई. उभयतांचा पत्रव्यवहार वाचतांना कोणाचाही कळवळा खोटा वाटत नाहीं. परंतु एका पुरोहितवर्गाचें जूं महत्प्रयासानें उतरवून दुसऱ्याचें मानेवर घेण्यास रमाबाई तयार नव्हत्या.

१८८६ सालीं त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठीं अमेरिकेस गेल्या. तेथें नाना पंथांच्या ख्रिस्ती लोकांशीं त्यांचा स्नेह जडला, व त्यांच्या साह्यार्थ १८८७ सालीं बोस्टन येथें एक मंडळ स्थापन झालें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. तेथें कोणावर धर्माची सक्ति नव्हती.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या अंतःकरणांत मोठा पालट झाला. आजवर आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, असें त्यांस दिसून आलें. मनुष्याचें अंतर पालटलें पाहिजे व शास्त्र प्रत्येकानें स्वतः वाचलें पाहिजे असें मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांस शुभवर्तमाननिष्ठ म्हणतात. रमाबाई त्यांच्यांतल्या एक झाल्या. पण ह्याची किंमत पडली. त्या पहांटे प्रार्थनेस बसत तेव्हां कांहीं मुली आपण होऊन जवळ येत. त्यांस त्यांनीं दार लावून घेतलें नाहीं. शहरांत गवगवा झाला. आपल्या लेकी विश्वासानें पाठविणाऱ्यांस भय वाटलें, व तें भय अगदींच निष्कारण होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं संबंध सोडला. तथापि ह्याच सदनांत शिकलेल्या गोदूबाई त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या व आपल्या धर्मांत राहूनच त्यांनीं जन्मभर स्त्रीशिक्षणाची सेवा केली, हेंही विसरतां येत नाहीं.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. स्वतः भुकेनें आईबाप गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या व शेंकडों निराधार मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळांत आणखी मुली आल्या. तेथें विणकाम, शेती व छापखाना चाले. अंध मुलींस मनोरमाबाईंनीं ब्रेल लिपि शिकविली. तत्कालीन निजामी मुलुखांत आमचें नगर होतें. त्याच मुलुखांतील गुलबर्गा येथेंही ह्या मायलेकींनीं शाळा काढली.

१९०५ च्या जूनमध्यें मुक्तिसदनांत एक अपूर्व प्रकार घडला. मुली पापाच्या जाणिवेनें रडूं लागल्या, तासन् तास एकदम मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. पुढें कांहींजणी अनोळखी भाषांत बोलूं लागल्या. शांत उपासनेची संवय असलेल्या पुष्कळांस हें रुचलें नाहीं. स्वतः रमाबाईंस भाषांचें तें दान लाभलें नव्हतें. तरी त्यांनीं मुलींस दटाविलें नाहीं, व सर्वांनीं तसेंच केलें पाहिजे असा नियमही केला नाहीं. त्यांच्या सहकारिणी मिनी एब्रॅम्स यांनीं ह्या जागृतीवर एक लहान पुस्तक लिहिलें. तें दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत व्हालपरायझो येथील एका मेथॉडिस्ट कुटुंबाच्या हातीं पडलें. तेथेंही १९०९ सालीं अशीच जागृति होऊन पेंटेकोस्टल मंडळीचा एक मोठा नवा प्रवाह सुरू झाला. ख्रिस्ती विचार नेहमींच पश्चिमेकडून इकडे आला असें समजणाऱ्यांनीं केडगांवची ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

अखेरचीं वर्षें रमाबाईंनीं पवित्र शास्त्राच्या भाषांतरास वाहिलीं. त्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यांतल्या साध्या बाईस समजेल असें मराठी त्यांस हवें होतें. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. हा घाव सोसूनही काम थांबलें नाहीं. भाषांतर हातावेगळें केल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

विद्यार्थिमित्रांनो, मंडळ्या इतक्या कां, ह्या तुमच्या प्रश्नाकडे आतां पुन्हां वळूं. रमाबाईंस वाँटेजनें आश्रय दिला, बोस्टननें साह्य दिलें, केडगांवच्या मुलींनीं प्रार्थनेची नवी रीत दाखविली. ह्या सर्वांचें ऋण त्यांनीं मानलें, पण सद्सद्विवेकबुद्धि कोणाकडे गहाण ठेविली नाहीं. भुकेल्या मुलीस अन्न, निरक्षरेस अक्षर व परित्यक्तेस घर मिळतें कीं नाहीं, ह्या कसोटीवर त्यांची श्रद्धा उतरली. आपल्या नगरांतील प्रत्येक मंदिरानें, आणि ख्रिस्ती असो वा नसो, प्रत्येक घरानें, हीच कसोटी आपणांस लावून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.