मारिया मेरियन : सुरवंट बघायला ५२व्या वर्षी सुरीनामच्या जंगलात गेलेली चित्रकार

सोसायटीच्या कुंपणाला किंवा शाळेच्या आवारात लाल-पिवळ्या फुलांचं एक झुडूप तुम्ही नक्की पाहिलं असेल. मराठीत त्याला शंकासुर म्हणतात. याच झुडपाबद्दल १७०५ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या एका पुस्तकात एक नोंद आहे. ती वाचल्यावर या फुलाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

ही नोंद करणारी बाई होती मारिया सिबिला मेरियन. ती काय होती आणि मारियापर्यंत कशी पोहोचली, हे समजून घ्यायचं तर आधी सुरवंटांची गोष्ट सांगावी लागेल.

सुरवंटांचं वेड कुठून आलं?

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये झाला. वडील नावाजलेले खोदचित्रकार आणि प्रकाशक होते. ती ३ वर्षांची असताना ते वारले. आईनं दुसरं लग्न केलं ते फुलांची चित्रं काढणाऱ्या याकोब मारेल यांच्याशी. मारिया चित्रकला त्यांच्याकडेच शिकली.

वयाच्या १३व्या वर्षी तिनं रेशमाच्या अळ्या पाळल्या. अळी कोष करते आणि त्यातून पतंग बाहेर येतो, हे तिनं रोज बघून टिपून ठेवलं. आज हे चौथीतल्या मुलालाही माहीत असतं. पण त्या काळी किडे चिखलातून किंवा कुजलेल्या पदार्थांतून आपोआप तयार होतात, असं बहुतेकांना वाटायचं.

पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या, पण सुरवंट सुटले नाहीत. १६७९ मध्ये तिचं सुरवंटांवरचं पुस्तक आलं. त्यात अळी, कोष, फुलपाखरू आणि ती अळी जे झाड खाते ते झाड, असं सगळं एकाच चित्रात होतं. कोणता जीव कोणत्या झाडावर जगतो, हे दाखवण्याची ही पद्धत तेव्हा नवी होती.

मग जंगलात का जावं लागलं?

१६९१ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झालेली मारिया मुलींना घेऊन ॲमस्टरडॅमला आली. या बंदरात जगभरातून जहाजं यायची. श्रीमंतांच्या घरी परदेशी फुलपाखरांचे संग्रह असायचे. मारियानं ते पाहिले, पण तिचं समाधान झालं नाही. सगळे किडे मेलेले, टाचणीला टोचलेले. ते कोणत्या अळीपासून झाले आणि ती अळी काय खायची, हे सांगणारं कुणीच नव्हतं.

म्हणून तिनं स्वतःच जायचं ठरवलं. आपली २५५ चित्रं विकायला काढली, मृत्युपत्र केलं आणि १६९९ च्या उन्हाळ्यात धाकटी मुलगी डोरोथियाला घेऊन जहाजात बसली. वय ५२. जायचं होतं दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीत.

जंगलात काय दिसलं?

सुरीनाममध्ये तेव्हा एकच पीक महत्त्वाचं होतं, ऊस. साखरेशिवाय दुसरं काही शोधायला आलेल्या या बाईची मळेवाले टिंगल करायचे. मायलेकी मात्र पारामारिबो गावात राहून आसपासच्या रानात फिरत होत्या. १७०० मध्ये त्या नदीतून वर आतल्या भागातही जाऊन आल्या.

तिथली झाडी इतकी दाट, की वाट करायला कुऱ्हाडी घेतलेली माणसं पुढे पाठवावी लागत. अळ्या घरी आणून त्यांना त्यांचाच पाला घालायचा, कोषातून काय निघतं याची वाट बघायची आणि चित्र काढायचं, हा दोघींचा रोजचा उद्योग. अननसावरची झुरळं, पानं कातरणाऱ्या मुंग्या, पाठीवर पिल्लं वाढवणारा बेडूक, असं बरंच काही कागदावर उतरलं.

एका चित्रात पेरूच्या फांदीवर मोठा कोळी छोट्या हमिंगबर्डला खाताना दिसतो. पुढे १९व्या शतकात काहींनी ही थाप ठरवली. नंतर हेन्री बेट्स यांना ॲमेझॉनच्या जंगलात पक्षी पकडलेला कोळी दिसला आणि टीका थांबली. तिच्या चुकाही झाल्या. एक कीटक अंधारात उजेड देतो असं तिनं लिहिलं, ते खरं नव्हतं.

शंकासुराची गोष्ट काय?

वाट करणारी ही माणसं गुलाम होती. मारियाच्या घरीही गुलाम होते. अळ्या आणून देणारे, झाडांची नावं आणि उपयोग सांगणारे हेच आफ्रिकन गुलाम आणि तिथले मूळ रहिवासी. अनोळखी जंगलात तिचे खरे शिक्षक तेच होते.

गुलाम स्त्रियांनीच तिला शंकासुराबद्दल सांगितलं. मळ्यांवरच्या छळात जन्मणारं मूलही गुलामच होणार, म्हणून या स्त्रिया गर्भ पाडण्यासाठी शंकासुराच्या बिया वापरायच्या. मारियानं हे लपवलं नाही. झाडाच्या चित्राशेजारी, त्या स्त्रियांनी स्वतः सांगितल्याचा उल्लेख करून, ते छापलं.

पुढे काय झालं?

उष्णता आणि आजारपणामुळे १७०१ मध्ये तिला परतावं लागलं. १७०५ मध्ये सुरीनामच्या कीटकांवरचं ६० चित्रांचं पुस्तक निघालं. कार्ल लिनियसनं प्राण्यांना शास्त्रीय नावं देताना तिच्या चित्रांचा आधार घेतला. १३ जानेवारी १७१७ रोजी ती वारली. त्याच वर्षी रशियाच्या झार पीटरसाठी तिची चित्रं विकत घेतली गेली. १९९० च्या दशकात जर्मनीच्या ५०० मार्कच्या नोटेवर तिचा चेहरा आला.

शंकासुर युरोपातल्या बागांमध्ये शोभेचं झाड म्हणून पोहोचला. त्याबद्दल सांगणाऱ्या स्त्रियांची नावं मात्र पुस्तकात नाहीत. मारियासोबत सुरीनामहून ॲमस्टरडॅमला आलेल्या तिथल्या एका मूळ रहिवासी बाईचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. त्यांनी जे सांगितलं, ते मात्र मारियानं लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला वाचता येतं.