मूकपटांची अनारकली : सुलोचना

सुलोचना म्हटले की आम्हा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे येतात त्या सुलोचनादीदी. पण त्यांच्याही आधी, पडदा बोलत नव्हता तेव्हा, आणखी एका सुलोचनेने रसिकांना वेड लावले होते. यंदा आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.

त्यांचे मूळ नाव रूबी मायर्स. जन्म १९०७ चा, पुण्याचा; घराणे बगदादी ज्यू. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमासाठी विचारले, तेव्हा त्यांनी आधी नकारच दिला. बायकांनी सिनेमात जाणे तेव्हा बरे मानत नसत. पण गेल्या आणि सर्वांच्या पुढे गेल्या. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये पोलीस, हैदराबादी गृहस्थ, केळी विकणारी म्हातारी अशी आठ सोंगे त्यांनी एकटीने वठवली.

१९२८ साली इंपीरियल कंपनीने ‘अनारकली’ काढला. शहजाद्याचा जीव एका दासीवर जडतो आणि घराण्याच्या इभ्रतीसाठी बादशहा बाप आडवा येतो. ती दासी झाल्या सुलोचना. संवाद नाहीत, सारे काही डोळ्यांनी सांगायचे.

पुढे १९३१ साली इंपीरियलनेच ‘आलमआरा’ हा पहिला बोलपट काढला, पण त्याची नायिका झाली झुबेदा. सुलोचनाबाईंना हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हते. इतकी मोठी नटी एका भाषेपायी मागे पडली! बाईंनी रडगाणे गायले नाही. वर्षभर काम थांबवून त्या भाषा शिकल्या आणि १९३२ साली ‘माधुरी’ या आपल्याच गाजलेल्या मूकपटाच्या बोलपटातून परतल्या. १९३५ च्या बोलक्या ‘अनारकली’तही नायिका त्याच होत्या.

१९५३ साली ‘अनारकली’ पुन्हा आला. या वेळी नायिका बीना राय, आणि सुलोचनाबाई सलीमची आई जोधाबाई. ज्या महालाच्या दाराशी त्या दासी म्हणून उभ्या होत्या, त्याच महालात आता नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभ्या राहिल्या.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९८३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमीला आमची काही मुले मराठी संवाद दुसऱ्या लिपीत लिहून आणतात आणि अडखळत पाठ करतात. तेव्हा आम्हाला सुलोचनाबाईंचे ते एक वर्ष आठवते, आणि आम्ही मुलांना तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणायला सांगतो.