रुग्णसेवेतील तपस्विनी : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हाती दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या बाईचे चित्र आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात पाहिले असेल. चित्रकार तो दिवा बहुधा अल्लाउद्दिनाच्या गोष्टीतल्यासारखा काढतात. वास्तविक तो तुर्कस्तानात मिळणारा, कापडी घड्यांचा साधा कंदील होता. चूक क्षुल्लक आहे. पण त्या चित्रामुळे दिवा तेवढा लोकांच्या स्मरणात राहिला आणि तो धरणाऱ्या बाईंचे अंतरंग अंधारातच राहिले, असे आम्हांस वाटते.

आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतील मुली हल्ली परिचारिकेचे शिक्षण घेतात. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना पूर्वी हे रुचत नसे. काहींना अद्यापिही रुचत नाही. अशा घरांतून फ्लॉरेन्सबाईंचे नाव आदराने घेतले जाते, परंतु त्यांचे चरित्र क्वचितच वाचले जाते. त्यांनी रुग्णसेवेलाच ईश्वरसेवा मानले, एवढे सर्वांस ठाऊक आहे. त्या सेवेसाठी त्यांना किती वर्षे वाट पाहावी लागली, आणि ऐन कसोटीच्या वेळी ती सेवा कशी अपुरी पडली, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून हे अल्पचरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत त्यांचा जन्म झाला, म्हणून नावही तेच ठेवले गेले. थोरल्या बहिणीचे नाव पार्थेनोपी. तिचा जन्म नेपल्सचा आणि हे त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव. यावरून कुटुंबाच्या श्रीमंतीची आणि हौसेची कल्पना यावी. इंग्लंडात डर्बिशायर व हॅम्पशायर या दोन परगण्यांत त्यांची दोन प्रशस्त घरे होती. वडील विद्याव्यासंगी होते. त्यांनी आपल्या मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान स्वतः शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. ही गोडी पुढे हजारो प्राणांच्या उपयोगी पडावयाची होती.

७ फेब्रुवारी १८३७ या दिवशी, वयाच्या सतराव्या वर्षात असताना, ईश्वराने आपणास त्याच्या सेवेसाठी बोलाविले असा अनुभव तिला आला. ही तारीख तिने नोंदवून ठेवली आणि जन्मभर जपली. सेवा कोणती, हे मात्र त्या आदेशात नव्हते! ते उमगण्यास कित्येक वर्षे गेली. मेजवान्या, नृत्यसमारंभ, पाहुणेरावळे यांत दिवस जात आणि आपण ईश्वराशी प्रतारणा करीत आहोत या जाणिवेने तिचे मन जळत राही. आसपासच्या खेड्यांतील आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता तिला वाट दिसली. १८४५ मध्ये सॉल्झबरीच्या रुग्णालयात जाऊन शिकण्याची परवानगी तिने मागितली, तेव्हा घरात जणू आकाश कोसळले. त्या काळी इंग्लंडातील रुग्णालयांतल्या दाया मद्यपी व बदवर्तनी म्हणून कुप्रसिद्ध होत्या. कुलीन मुलीने त्या वाटेला जाणे म्हणजे घराण्यास काळिमा! आई संतापली, बहिणीने अंथरूण धरले, आणि बेत बारगळला.

वाचकहो, आईबापांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या जागी आम्ही असतो तर निराळे वागलो असतो असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पुढे रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स नावाच्या गुणी गृहस्थाने तिला मागणी घातली. त्याच्यावर तिचा जीव नव्हता असे नाही. तरीही बऱ्याच वर्षांच्या विचारान्ती तिने १८४९ मध्ये नकार दिला. संसार आणि आदेश ही दोन्ही आपल्या हातून निभावणार नाहीत, असे तिला दिसले. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी कायझरस्वर्थ येथे पाद्री फ्लीडनर यांनी १८३६ मध्ये सेविकांची संस्था स्थापिली होती. तेथे ती १८५० मध्ये काही दिवस व १८५१ मध्ये सुमारे तीन महिने राहिली. पहाटे उठणे, साधे अन्न, दिवसभर रुग्णांची सेवा आणि प्रार्थना असा तो क्रम होता. तेथील भक्तिभाव तिला फार भावला. स्वच्छतेची व्यवस्था मात्र निकृष्ट होती, हेही तिने पाहून ठेवले. भक्ती पुष्कळ आणि स्वच्छता अपुरी, ही जोडी तिला पुढे पुन्हा भेटणार होती.

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी कुलीन स्त्रियांच्या संस्थेची व्यवस्था बाईंकडे आली. वडिलांनी वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक करून दिली, त्यामुळे त्या स्वतंत्र झाल्या. संस्थेच्या समितीचा कल केवळ इंग्लंडच्या राजमान्य पंथातील स्त्रियांना घेण्याकडे होता. कॅथॉलिक आणि ज्यू स्त्रियांनाही घेतले पाहिजे, आणि त्यांच्या त्यांच्या धर्मगुरूंना भेटीस येऊ दिले पाहिजे, असा आग्रह बाईंनी धरला व तडीस नेला. ज्या स्त्रीला स्वतःला ईश्वराची हाक ऐकू आली होती, तिने दुसऱ्याच्या ईश्वरास दाराबाहेर उभे केले नाही. हा प्रसंग चरित्रकार दोन ओळींत उरकतात. आम्हांस तो कंदिलाहून मोठा वाटतो.

१८५४ मध्ये रशियाविरुद्ध क्रिमियाचे युद्ध सुरू झाले. जखमी शिपायांच्या हालांची वार्ता लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राने छापली आणि देश हळहळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट बाईंचे स्नेही होते. त्यांनी बाईंना पत्र लिहिले आणि त्याच सुमारास बाईंनीही त्यांच्या घरी पत्र धाडले. दोन्ही पत्रे वाटेतच एकमेकांस ओलांडून गेली. २१ ऑक्टोबरला ३८ स्त्रिया घेऊन बाई निघाल्या. त्यांत १० कॅथॉलिक जोगिणी होत्या, १४ आंग्लिकन पंथाच्या सेविका होत्या आणि बाकीच्या १४ रुग्णालयांत पगारी काम केलेल्या बाया होत्या. ४ नोव्हेंबरला त्या कॉन्स्टँटिनोपलसमोर, बॉस्फरसच्या आशियाई तीरावरील स्कुटारी येथे पोहोचल्या. तुर्कांनी दिलेली एक अवाढव्य बराक हेच तेथील रुग्णालय होते.

लष्करी डॉक्टरांना ह्या बाया नकोच होत्या. बाईंनी वाद घातला नाही. बोलावणे आल्याविना कोणीही रुग्णाच्या खाटेजवळ जाऊ नये, असा त्यांनी आपल्या स्त्रियांना दंडक घातला. इंकरमनच्या लढाईतील जखमींची रीघ लागली तेव्हा ते बोलावणे आपोआप आले. फरशी घासण्याचे ब्रश, सदरे, चादरी, धुलाईसाठी उकळत्या पाण्याचे हंडे, पथ्याचे अन्न शिजविणाऱ्या चुली, हे सारे बाईंनी उभे केले. मेलेल्या शिपायांच्या घरी त्या स्वहस्ते पत्रे लिहीत. दिवसाची कामे आटोपल्यावर कंदील घेऊन फिरणे, हे त्यानंतरचे.

आणखी एक दंडक होता. रुग्णाच्या धर्मश्रद्धेत कोणी ढवळाढवळ करावयाची नाही. हा पाळून घेणे सर्वांत कठीण गेले. डिसेंबरात मेरी स्टॅन्ले यांच्यासमवेत न मागितलेली दुसरी तुकडी आली आणि पंथापंथांतील कुरबुरींना ऊत आला. इकडे इंग्लंडात बाई कोणत्या पंथाच्या, यावर वर्तमानपत्रांतून वाद माजला! मरणाऱ्याला पाणी पाजणाऱ्या हाताचा पंथ विचारण्याची खोड सर्वच समाजांत असावी. परंतु त्याच धामधुमीत बर्मंड्सीच्या कॅथॉलिक मठाच्या प्रमुख मदर मेरी क्लेअर मूर या बाईंच्या उजव्या हात बनल्या, आणि दोघींचा स्नेह मूर यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १८७४ पर्यंत टिकला. त्यांनी धाडलेले कॅथॉलिक संतांचे ग्रंथ बाई पुढे अत्यंत आवडीने वाचीत.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली, तिच्याकडे येतो. एवढी सेवा होऊनही त्या हिवाळ्यात स्कुटारीला मृत्यू कमी झाला नाही. तो वाढत गेला. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्यांपैकी शेकडा ४२ दगावले. मार्चमध्ये सरकारने पाठविलेले आरोग्यमंडळ आले. डॉ. सदरलंड व अभियंते रॉलिन्सन हे त्यातील प्रमुख. त्यांनी पाहिले तो बराकीखाली तुंबलेली गटारे होती, त्यांची दुर्गंधी वर खोल्यांत शिरत होती, आणि पाण्याच्या मार्गात मेलेला घोडा कुजत होता. गटारे धुतली गेली, हवेला वाट मिळाली, भिंतींना चुना लागला. आणि जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

बाईंना त्या वेळी याचा पूर्ण अर्थ कळला नव्हता. त्याच मे महिन्यात बालाक्लाव्हा येथे त्यांना तापाने गाठले आणि त्या मरता मरता वाचल्या. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या घरी परतल्या तेव्हा शिपाई उपासमारीने, थंडीने व अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणाने मेले, अशीच त्यांची समजूत होती. पुढे संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह मृत्यूंचे आकडे मांडताना सत्य बाहेर आले. ब्रिटिश सैन्यातील सुमारे १६ हजार माणसे रोगांनी गेली होती. शत्रूच्या हातून मेलेल्यांच्या कित्येक पट. आणि रुग्णालयांत सर्वांत घातक होते ते स्कुटारी, बाईंचे स्वतःचे! ज्यांच्या उशाशी त्या रात्री जागल्या, त्यांना त्या घाणीतच निजविलेले होते.

हा आघात केवढा असेल! १८५७ च्या उन्हाळ्यात बाई कोसळल्या आणि पुढील कित्येक वर्षे बहुतांशी अंथरुणावरच राहिल्या. कोणी म्हणतात ते पश्चात्तापाने, कोणी म्हणतात जुन्या तापाच्या अवशेषाने. आजचे वैद्य दुसऱ्या कारणाकडे अधिक झुकतात. आमच्या मते महत्त्वाचे हे की त्यांनी आकडे दडविले नाहीत. रंगीत आकृत्या काढून त्यांनी ते राज्यकर्त्यांपुढे ठेवले. सैन्याच्या आरोग्यावरील त्यांचा प्रचंड अहवाल १८५८ मध्ये छापला गेला आणि त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र परिषदेने त्यांना पहिली स्त्री सभासद करून घेतले.

येथून त्यांच्या ईश्वरभक्तीने निराळे वळण घेतले. १८६० मध्ये त्यांनी आपले धर्मचिंतन तीन खंडांत खासगी रीतीने छापून थोड्या मित्रांस दिले. ईश्वर नियमांनी जग चालवितो. ते नियम शोधणे आणि त्यांप्रमाणे वागणे हीच त्याची आराधना, हा त्याचा गाभा. गावची घाण नदीत सोडावयाची आणि महामारी टळो म्हणून प्रार्थना करावयाची, हे त्यांना ईश्वराची थट्टा केल्यासारखे वाटे. आकड्यांचे तक्तेसुद्धा त्यांच्या लेखी पोथीच होते. हे रुक्ष वाटेल, पण याच बाई पुढे मध्ययुगीन संतांच्या वचनांचे संकलन करीत बसल्या होत्या.

जनतेने कृतज्ञतेने जमविलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून जून १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय निघाले. पहिल्या वर्गात १५ विद्यार्थिनी होत्या. १८७२ पासून बाई त्यांना वेळोवेळी उपदेशपर पत्रे धाडीत. खिडकी उघडणे, आवाज न करणे, रुग्णास दिलेला शब्द पाळणे या गोष्टी त्यांत ईश्वरचिंतनाच्या शेजारीच बसलेल्या आढळतात.

त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. दुखण्याने खंगलेल्या सिडनी हर्बर्टना त्यांनी कामातून उसंत घेऊ दिली नाही. १८६१ मध्ये ते वारले. रोग संसर्गाने पसरतो हे त्यांनी फार उशिरा मानले. परिचारिकांची सरकारी नोंदणी व परीक्षा यांनाही त्या विरोध करीत. परीक्षेने चारित्र्य मोजता येत नाही हे त्यांचे म्हणणे. ते खरेच आहे. तथापि चारित्र्याच्या भरवशावर अडाणीपणाही खपून जातो, हे स्कुटारी पाहिलेल्या बाईंनी विसरावे याचे आम्हांस नवल वाटते. ती नोंदणी त्यांच्या पश्चात १९१९ मध्ये कायद्याने आली.

बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. तरी येथील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगासाठी ठाण्याठाण्यांहून आलेले गाडाभर कागद त्यांनी अंथरुणावर बसून वाचले. १८६३ च्या अहवालात सैन्यातील मृत्यू दर हजारी ६९ असल्याचे निघाले. सैन्यावरून त्यांची दृष्टी दुष्काळाकडे, पाटबंधाऱ्यांकडे व खेड्यांकडे वळली. ग्रामस्वच्छतेच्या प्रश्नावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ च्या चरित्रास त्यांनी प्रस्तावनाही लिहिली. खेड्यांतून वसूल होणाऱ्या कराचा पैसा आधी त्या खेड्यांच्याच सफाईवर खर्च व्हावा, असे त्या सरकारला वारंवार कळवीत. लंडनमधल्या एका खोलीतून आपल्या विहिरींची काळजी कोणी वाहत होते, हे आपल्यापैकी कितीजणांस माहीत आहे?

अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, स्मृतीही मंदावली. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा बहुमान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. तो घरी आणून दिला गेला, तेव्हा काय घडत आहे हे त्यांना पुरते उमगले की नाही, कोण जाणे. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची तयारी होती, परंतु थाटमाट नको अशी त्यांची इच्छा असल्याने कुटुंबाने तो मान नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलोच्या लहानशा गावदेवळाच्या आवारात, आईवडिलांजवळ त्यांना पुरले. शवपेटिका सैन्यातील सहा सार्जंटांनी खांद्यावर वाहिली. त्या दगडावर पूर्ण नाव नाही. नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा, इतकेच तेथे कोरलेले आहे.