बुद्धिनिष्ठ आगरकर

सातारा जिल्ह्यात कराडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे लहानसे गाव आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी या गावी झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची होती. कराड येथे आजोळी राहून त्यांनी शिक्षणास आरंभ केला. परंतु पुढे शिकण्यास ना पैसा होता, ना कोणाचा भक्कम आधार. तरीही शिकायचेच, असा त्यांचा निश्चय होता. शाळेसाठी ते कराडहून रत्नागिरीपर्यंतची घाटाची वाट पायी चालून गेले. तेथेही जम बसेना, तेव्हा ते दूर वऱ्हाडात अकोल्यास नातलगांकडे गेले. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी या विद्वान शिक्षकांचे साहाय्य त्यांना लाभले. १८७५ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

कॉलेजातील दिवसही ओढगस्तीचेच होते. अंगात घालावयास एकच सदरा होता. तो रात्री धुवून वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगावर चढवावा, असा त्यांचा क्रम असे. वर्तमानपत्रात लेख लिहून, शिष्यवृत्ती मिळवून ते कसाबसा खर्च भागवीत. परंतु या दारिद्र्याची त्यांना खंत नव्हती, कारण एका निराळ्याच संपत्तीचे भांडार त्यांना सापडले होते. ते भांडार म्हणजे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ.

तत्त्वज्ञान हा शब्द ऐकला की ते काहीतरी गहन व रुक्ष असावे, असे वाटते. वस्तुतः त्याचा आरंभ अगदी साध्या प्रश्नांतून होतो. आपल्याला जे ठाऊक आहे असे वाटते, ते खरोखर ठाऊक आहे काय? चांगले वागणे म्हणजे कसे वागणे? आणि आयुष्य कशासाठी वेचावे? सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरीत सॉक्रेटीस नावाचा एक गृहस्थ बाजारात, रस्त्यात, भेटेल त्याला असेच प्रश्न विचारीत असे. ज्यांना आपण शहाणे आहोत असे वाटे, त्यांचे अज्ञान त्याच्या प्रश्नांनी उघडे पडे. नगरीच्या देवांना तो मानीत नाही आणि तरुणांना बिघडवितो, असा आरोप ठेवून त्याला इ. स. पूर्व ३९९ मध्ये विषाचा प्याला देण्यात आला. तो त्याने शांतपणे घेतला. पण प्रश्न विचारण्याचा आपला हक्क सोडला नाही.

त्याच प्रश्नांवर युरोपात पुढे शतकानुशतके विचार होत राहिला. आगरकरांच्या मनावर त्यांपैकी दोन इंग्रज विचारवंतांचा विशेष परिणाम झाला. एक जॉन स्ट्युअर्ट मिल आणि दुसरे हर्बर्ट स्पेन्सर. एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून ठरवावे, याच्या पद्धती मिलने आपल्या तर्कशास्त्रात सांगितल्या होत्या. समजा, मांजर आडवे गेले आणि त्या दिवशी काम बिघडले. एवढ्यावरून मांजरामुळे काम बिघडले, असे म्हणता येईल काय? मांजर आडवे जाऊनही काम झाले, असे किती वेळा घडले? मांजर दृष्टीस न पडताही काम फसले, असे किती वेळा घडले? हे सारे पाहिल्यावाचून निष्कर्ष काढणे म्हणजे बुद्धीला रजा देणे होय. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही.

स्पेन्सरच्या ग्रंथांतून आगरकरांनी आणखी एक विचार घेतला. प्राणी व वनस्पती जशा हळूहळू बदलत आल्या, तशाच माणसांच्या चालीरीतीही काळाप्रमाणे बदलत आल्या आहेत. एखादी रूढी ज्या काळी निर्माण झाली, त्या काळी तिचे काही कारण असेल. परंतु ते कारण नाहीसे झाल्यावर केवळ जुनी म्हणून ती धरून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. ज्या गोष्टी मानवी बुद्धीच्या आवाक्यापलीकडच्या आहेत, त्यांविषयी ठाम काही न सांगता आपले अज्ञान प्रामाणिकपणे कबूल करावे, हेही आगरकरांना पटले. या भूमिकेला अज्ञेयवाद असे म्हणतात.

इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांचा अभ्यास करून आगरकर एम. ए. झाले. त्या काळी एवढे शिकलेल्या तरुणास मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळत असे. गरिबीत दिवस काढलेल्या आईने तशी आशा धरली असल्यास नवल नाही. परंतु आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले की, मोठ्या नोकरीची वाट तिने पाहू नये. पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून आपला सारा वेळ आपण लोकांच्या हितासाठी खर्च करणार आहोत. आयुष्य कशासाठी वेचावे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले हे उत्तर होते.

डेक्कन कॉलेजातच त्यांची व बाळ गंगाधर टिळक यांची मैत्री जडली होती. देशाची उन्नती शिक्षणावाचून होणार नाही, याविषयी दोघांचे एकमत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासह टिळकांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा काढली. एम. ए. झाल्यावर आगरकरही तिला येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये या मंडळींनी केसरी हे मराठी पत्र सुरू केले आणि त्याचे संपादकत्व आगरकरांकडे आले.

पुढच्याच वर्षी एक कठीण प्रसंग ओढवला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा तेथील दिवाण छळ करीत आहेत, अशी बातमी पुण्यास आली होती. पुराव्यादाखल काही पत्रेही हाती आली. ती खरी मानून टिळक व आगरकर यांनी आपल्या पत्रांतून दिवाणांवर कडक टीका केली. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि चौकशीत ती पत्रे बनावट ठरली. महाराजांविषयीची दोघांची कळकळ खरी होती. परंतु हेतू चांगला असला म्हणून पुरावा खरा ठरत नाही. दोघांनी क्षमा मागितली, तरी खटला चालला आणि प्रत्येकास चार महिन्यांची कैद झाली. त्यांपैकी एकशे एक दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले. एका लहानशा खोलीत हे दोघे मित्र रात्री उशिरापर्यंत देशाच्या स्थितीविषयी वाद करीत बसत. तुरुंगातून सुटल्यावर आगरकरांनी तेथील हकीगत पुस्तकरूपाने लिहिली. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे विकारविलसित हे त्यांचे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. दोन्ही कार्यांत आगरकरांनी जिवापाड मेहनत घेतली. परंतु याच सुमारास मित्रांमधील मतभेद वाढत चालले. परकीय राज्य हे देशाचे मुख्य दुःख असून राजकीय जागृतीस अग्रस्थान द्यावे, असे टिळकांचे मत होते. ज्या समाजात निम्मी माणसे अज्ञानात व दास्यात आहेत, त्या समाजाची सुधारणा आधी झाली पाहिजे, असे आगरकरांना वाटे. केसरीत आपली मते मोकळेपणाने मांडता येत नाहीत, हे ध्यानात येताच १८८७ साली त्यांनी संपादकपद सोडले. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी सुधारक हे स्वतःचे पत्र काढले. त्यातील इंग्रजी मजकुराची बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली.

याच वर्षी आगरकरांचे वाक्यमीमांसा हे व्याकरणाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. वाक्याचे घटक वेगळे करून त्यांचा परस्परसंबंध कसा पाहावा, हे त्यात दाखविले आहे. समाजसुधारकाने व्याकरण लिहावे, याचे कोणास आश्चर्य वाटेल. परंतु त्यात विसंगती नाही. ज्याला वाक्याचा नेमका अर्थ लावता येतो, त्याला मोठमोठ्या शब्दांनी फसविणे कठीण जाते. धर्म, शास्त्र, परंपरा हे शब्द उच्चारले की पुष्कळ माणसे विचार करण्याचे थांबतात. आगरकर मात्र त्या शब्दांमागे अर्थ कोणता, हे विचारीत असत.

सुधारकातून त्यांनी एकामागून एक रूढींची परीक्षा आरंभिली. त्यांची कसोटी एकच होती. या चालीने माणसांचे सुख वाढते की दुःख? लहानग्या मुलींची लग्ने लावली जात. त्यांतील कित्येकींना जाणत्या वयाच्या आतच वैधव्य येई, मग त्यांचे केशवपन केले जाई आणि जन्मभर त्यांना घराच्या कोपऱ्यात बसावे लागे. हे धर्मात सांगितले आहे असे लोक म्हणत. ज्या आचाराने निरपराध मुलीचे आयुष्य जळून जाते, तो आचार कोणत्याही ग्रंथात लिहिला असला तरी न्याय्य ठरू शकत नाही, असे आगरकरांनी निर्भयपणे प्रतिपादिले. मुलांना जे शिक्षण द्यावयाचे, तेच मुलींनाही द्यावे आणि दोघांना एकत्र बसवून द्यावे, असेही त्यांनी लिहिले. जातिभेद, अस्पृश्यता, पोशाख, सोवळे-ओवळे यांपैकी कोणताही विषय त्यांनी वगळला नाही. सदाचरणासाठी स्वर्गाचा लोभ किंवा नरकाची भीती लागत नाही. दुसऱ्याचे दुःख जाणणारे मन आणि विचार करणारी बुद्धी या दोहोंच्या बळावर माणूस चांगला वागू शकतो, हा त्यांच्या नीतीचा पाया होता.

मुलीच्या सांसारिक जीवनाच्या आरंभाची वयोमर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर नेणारा संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला. त्या वेळी पुण्यात मोठे वादळ उठले. परकीय सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, या मताचे टिळक कायद्याच्या विरुद्ध उभे राहिले, तर आगरकरांनी कायद्याचा जोरदार पुरस्कार केला. एके काळी एका कोठडीत राहिलेले मित्र एकमेकांविरुद्ध लेखणी चालवू लागले. आगरकरांच्या वाट्याला शिव्याशापांची पत्रे येऊ लागली. पुण्यातील काही कर्मठ मंडळींचा संताप तर एवढा वाढला, की त्यांनी आगरकरांची प्रेतयात्रा काढली. जिवंत माणसाची ती यात्रा रस्त्याने मिरवीत गेली. आपलेच मरण लोकांनी साजरे केलेले पाहणे, यापरते कठीण दुसरे काय असू शकेल? परंतु या अपमानामुळे आगरकरांनी आपले मत सोडले नाही. विरोधकांना त्यांनी उत्तर दिले ते पुराव्याने व युक्तिवादाने. बहुसंख्य लोक म्हणतात म्हणून एखादे मत खरे होत नाही, तसेच एकटा माणूस म्हणतो म्हणून ते खोटेही ठरत नाही, हे मिलच्या ग्रंथांत वाचलेले तत्त्व आता त्यांना स्वतः जगून दाखवावे लागत होते.

बाहेर इतके करारी असणारे आगरकर घरात फार सौम्य होते. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या श्रद्धेच्या होत्या. त्यांच्या पूजाअर्चेत आगरकरांनी कधी आडकाठी केली नाही. मत पटवून द्यावयाचे असते, लादावयाचे नसते, असे त्यांचे मानणे होते. जो स्वतःच्या बुद्धीने चालण्याचा हक्क मागतो, त्याने तो दुसऱ्यासही दिला पाहिजे.

१८९२ साली वामन शिवराम आपटे यांचे निधन झाले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. दिवसा अध्यापन व कॉलेजचा कारभार, रात्री सुधारकाचे लेखन, असा त्यांचा क्रम चालू होता. दम्याचा विकार त्यांना फार दिवसांपासून जडलेला होता. पुष्कळ रात्री ते आडवे होऊन झोपूही शकत नसत. शरीर झिजत गेले, तरी लेखणी थांबली नाही. अखेर १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांची प्राणज्योत मालवली. अंथरुणाजवळ एका पुरचुंडीत थोडे रुपये बांधून ठेवलेले आढळले. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचा भार दुसऱ्या कोणावर पडू नये, म्हणून त्यांनीच ते ठेवले होते.

ज्यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षे वाद चालला, त्या टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहून आपल्या या मित्राच्या बुद्धीचा व निःस्वार्थ वृत्तीचा गौरव केला. मते वेगळी झाली होती, पण एकमेकांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका उरली नव्हती.

आगरकरांनी ज्या गोष्टींसाठी शिव्याशाप सोसले, त्यांपैकी पुष्कळ गोष्टी आज सर्वमान्य झाल्या आहेत. मुली व मुले एकाच वर्गात बसून एकच पाठ वाचतात, तेव्हा त्यात कोणाला नवल वाटत नाही. केशवपनाची चाल नामशेष झाली आहे. बालविवाह कायद्याने निषिद्ध ठरला आहे. तथापि तो समाजातून अजून पुरता गेलेला नाही. आगरकरांचे कार्य त्या अर्थाने अपुरे आहे. ज्या दिवशी एखादा मुलगा किंवा मुलगी एखाद्या जुन्या समजुतीपुढे थांबून, ही खरी कशावरून, आणि हिने कोणाचे भले होते, असे नम्रपणे पण निर्भयपणे विचारते, त्या दिवशी ते कार्य थोडे पुढे जाते.